त्या दुसऱ्या बाईचा फोन

पेन्शन काढायला गेलेल्या आत्या बँकेतून परत आल्या आणि सरळ मागच्या पडवीत जाऊन बसल्या. पायातल्या चपलासुद्धा काढल्या नाहीत. मी पाहुण्यांच्या जेवणासाठी सुरमईच्या तुकड्यांना मसाला चोळत होते. "आत्यानू, काय झाला?" असं विचारलं तर म्हणाल्या, "काय नाय. मशीन बंद आसा."

मशीन बंद असलं की माणूस वैतागतो, उन्हातून हेलपाटा पडला म्हणून बँकेच्या नावाने बोटं मोडतो. आत्या तसं काहीच करत नव्हत्या. त्यांनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं, आणि नवऱ्याची मोटारसायकल आवारात शिरल्याचा आवाज आला तशा त्या उठून खोलीत गेल्या आणि आतून कडी घातली.

या आत्या माझ्या नवऱ्याच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या धाकट्या बहीण. उभी हयात सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढली. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची आमच्याकडे कुणाची छाती नव्हती. सासू-सासरे गेल्यावर घरातलं मोठं माणूस म्हणजे त्याच. मालवणहून थोडं पुढे, किनाऱ्याला लागून आमचं घर आहे. पुढच्या खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. नवरा सकाळी पाहुण्यांना होडीतून फिरवतो, रांधण्याचं मी बघते. आत्यांनी आपण होऊन मागची खोली घेतली होती. "माका वारो सोसत नाय पुढचो," म्हणाल्या होत्या. हंगामात घर एवढं भरलेलं असतं की दुपारची जेवणं उरकेपर्यंत मला कुणाशी दोन शब्द बोलायला फुरसत नसते. त्या गर्दीत आत्या मागच्या दाराने ये-जा करत. कुणाला ताप आला, कुणाच्या पायात शिंपला घुसला, की तेवढ्यापुरती त्यांना हाक जायची.

त्या दिवशी नवरा बँकेत जाऊन आला. येताना त्याचा चेहरा असा झाला होता की मी पाहुण्यांचा चहा तसाच ठेवून बाहेर आले. आत्यांचं खातं गोठवलं होतं. कुठल्या तरी दुसऱ्या जिल्ह्यात एका म्हाताऱ्या बाईला ऑनलाइन फसवण्यात आलं होतं आणि तिचे पैसे आत्यांच्या खात्यात आले होते. आले आणि लगेच पुढेही गेले होते. तिथल्या पोलिसांनी बँकेला कळवून खातं थांबवलं होतं.

"आमच्या आत्येच्या खात्यात?" नवरा मलाच विचारत होता, जणू उत्तर माझ्याकडे असावं. "जी बाय चार आण्याचा औषध फुकट घेणा नाय, तिच्या?"

आत्यांनी दार उघडलं नाही. शेवटी मी दाराशी बसले आणि हळू आवाजात म्हटलं, "आत्यानू, मी एकटीच आसंय." तेव्हा कडी निघाली.

जे झालं ते त्यांनी मला तुकड्या तुकड्यांनी सांगितलं, मध्ये मध्ये थांबत, भिंतीकडे बघत. फेसबुकवर त्यांना एक डॉक्टर भेटला होता. परदेशी जहाजावर डॉक्टर, मूळचा कोकणातला, लहानपणीच आई-बापाबरोबर बाहेर गेलेला, म्हणून मराठी मोडकं. बायको वारलेली. आधी तो त्यांना 'सिस्टर' म्हणायचा. जहाजावर एका खलाशाला ताप आहे, उतरत नाही, तुम्ही असता तर काय केलं असतं, असं विचारायचा. आत्या सविस्तर लिहायच्या. दुसऱ्या दिवशी तो कळवायचा, तुम्ही म्हणालात तसं केलं, ताप उतरला.

"माका इतक्या वर्सात एका डॉक्टरान कधी इचारूक नाय," आत्या म्हणाल्या, "की सिस्टर, तुमका काय वाटता."

मग 'सिस्टर' सुटलं आणि तो त्यांना नावाने हाक मारू लागला. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. पण त्या दुपारी मला जाणवलं, लग्न होऊन या घरात आल्यापासून ते नाव मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं. आम्ही सगळे आत्या म्हणतो, गाव नर्सबाय म्हणतो. "माझ्या नावान हाक मारणारो आता कोण उरलो हा?" त्या म्हणाल्या. तक्रार म्हणून नव्हे. रोग्याचा इतिहास सांगावा तसं.

पुढचं सगळं ठरल्यासारखं झालं. त्याची रजा अडकली, ती सोडवायला पैसे हवे होते. आत्यांनी पाठवले. मग म्हणाला, माझे मित्र तुमच्या खात्यात पैसे टाकतील, ते मी सांगतो त्या खात्यात पाठवा, म्हणजे माझी सुटका लवकर होईल. आत्यांनी पाठवले. मग पुन्हा आले, पुन्हा पाठवले. कधीतरी त्यांना शंका आली. त्यांनी विचारलं, हे मित्र कोण? बायकांच्याच नावाने पैसे का येतात? तेव्हा पहिल्यांदा त्याने दात दाखवले. पैसे तुमच्या हातून गेलेत, जेलमध्ये तुम्ही जाल, मी नाही. आणि तुमचा फोटो माझ्याकडे आहे.

"खयचो फोटो?" मी विचारलं. 

आत्यांनी पदर डोक्यावर ओढून घेतला. मग म्हणाल्या, "केस सोडलेलो."

न्हाऊन आल्यावर आरशासमोर उभं राहून काढलेला फोटो. अंगावर गाऊन, खांद्यावर मोकळे पांढरे केस. एवढंच. पण आत्यांना मी कधीच, तापाने फणफणल्या असतानाही, अंबाड्याशिवाय पाहिलेलं नव्हतं. त्यांच्यासाठी ती उघड्यावर येण्याची गोष्ट होती.

म्हणजे कितीतरी महिने त्यांना माहीत होतं. माणूस खोटा आहे हे कळूनही त्या त्याला रोज सकाळी उत्तर देत होत्या, तो सांगेल तसं करत होत्या, आणि आम्ही शेजारच्या खोलीत पाहुण्यांना सोलकढी वाढत होतो. मला आठवलं, त्या फोन कमरेच्या बटव्यात घेऊन न्हाणीघरात जायच्या. माडांखाली एकट्याच उभ्या असायच्या. फोन वाजला की हातातलं भांडं पडायचं. आम्ही म्हणायचो, वय झालं.

नवऱ्याला सांगितल्यावर तो ओरडला. ओरडणार हे मला माहीत होतं. "आते, ह्या वयात तुका ह्या कित्याक सुचला?" पडवीत येऊन त्याने फोन मागितला.

आत्यांनी बटव्यातून काढून दिला. "घे. फोन घेवन जा, पण तो माका सोडूचो नाय."

तेव्हापासून तो फोन माझ्याकडे आला. नवरा म्हणाला, तिच्या हातात देऊ नकोस, कुणाला भेटू देऊ नकोस, हे मिटेपर्यंत तिला बाहेर पाठवू नकोस. त्याला आत्यांचं भलंच करायचं होतं. पण घराचं झालं असं की आत्या मागच्या खोलीत, मी दाराशी राखणदार, आणि फोन मसाल्याच्या डब्यांमागे कण्हत पडलेला. मला कुठे जायची सोय राहिली नाही. बाजारात गेले तरी जीव घराकडे. आत्या मासळीबाजारात दिसेनात म्हणून मासेवाल्या विचारू लागल्या, शेजारणी डोकावू लागल्या. मी सगळ्यांना सांगत होते, बरं नाही. आत्या आतून ऐकत असायच्या.

आणि तो माणूस बोलतच होता. भाकऱ्या थापताना डब्यांमागे फोन थरथरला की पिठाच्या हाताने मी तो बघायची. सकाळी गोड असायचा. जेवलीस का? कंबर कशी आहे? उन्हात फिरू नकोस. उत्तर गेलं नाही की संध्याकाळी धमक्या. दुसऱ्या सकाळी पुन्हा, जेवलीस का? मला सगळं ठाऊक असून, एकदा ते वाचताना मी सकाळपासून उपाशी आहे हे माझ्या लक्षात आलं आणि डोळे भरून आले. रागच आला मला, त्याचा आणि माझाही. तेव्हा कळलं की गळ कुठे रुततो.

जिल्ह्याच्या ठिकाणी सायबर पोलिसांकडे जायचं ठरलं. हंगाम ऐन भरात, नवऱ्याला होडी सोडता येईना, म्हणून मीच आत्यांना घेऊन एसटीने निघाले. कसालला गाडी बदलायची होती. आत्या उतरल्या आणि स्टँडवरच्या बाकावर बसल्या. पुढची गाडी लागली तरी उठेनात.

"मी येणय नाय," म्हणाल्या. "थयसर माका बसवन ठेवतले."

"नाय ठेवणत. आपण तक्रार करूक चाललव."

"मिया तक्रार करू? माझ्याच हातान पैशे गेले मा?"

एवढ्यात एक बाई डोक्यावरची पाटी सावरत समोर उभी राहिली. "नर्सबाय! ओळखलास काय? माझ्या चेडवाच्या बाळंतपणाक तुमीच होतास." तिने आत्यांचे दोन्ही हात धरले. "खंय चाललास?"

आत्यांनी हात सोडवून घेतले आणि नजर वळवली. ज्या बाईने गावोगावच्या बायकांना धीर दिला होता, ती कसालच्या स्टँडवर एका साध्या प्रश्नाला उत्तर देऊ शकत नव्हती. मीच म्हटलं, "डोळे दाखवूक." बाई गेली. आत्या उठल्या आणि गाडीत जाऊन बसल्या. त्या बाकावर बसून ओळखीचं दुसरं कुणी भेटण्यापेक्षा त्यांना पोलीस परवडले.

तिथल्या अधिकारी बाई वयाने माझ्याहूनही लहान होत्या. त्यांनी आधी आत्यांना पाणी दिलं, मग म्हणाल्या, "आजी, तुम्ही पहिल्या नाही. आणि तुम्ही गुन्हेगार आहात असं मी धरून चाललेले नाही. पण जे खरं आहे ते सगळं सांगा, लाजून काही गाळू नका." आत्यांनी शुद्ध, दवाखान्याच्या मराठीत सगळं सांगितलं. फोटोचंही सांगितलं. अधिकारी बाईंनी समजावलं, त्याला उत्तर द्यायचं नाही, पैसे द्यायचे नाहीत, पण मेसेज पुसायचेही नाहीत, ते पुरावे आहेत. खातं कधी मोकळं होईल हे मात्र त्या सांगू शकल्या नाहीत. त्या दुसऱ्या जिल्ह्यातल्या तक्रारीचा निकाल लागेपर्यंत थांबावं लागेल.

"म्हणजे मी सुटलंय नाय," परतीच्या गाडीत आत्या एवढंच बोलल्या.

मग एके दिवशी फोटो आला. आत्यांना नाही, नवऱ्याच्या फोनवर, ज्या नंबरावर पर्यटक खोल्या मागतात त्या नंबरावर. खाली घाणेरडं काहीतरी लिहिलेलं होतं. नवरा जाळं दुरुस्त करत बसला होता. त्याने फोटो बघितला आणि बघतच राहिला. मला वाटलं, आता घरात आग लागणार. तो उठून मागच्या पडवीत गेला. मी मागोमाग.

"आते," तो म्हणाला, "तेना फोटो धाडल्यान."

आत्या भिंतीला टेकल्या. 

नवऱ्याने फोन त्यांच्या पुढे धरला.  "आयेसारखी दिसतंस गो तू. माका म्हायतच नाय होता."

आत्यांनी त्या फोटोकडे बघितलं नाही. पण त्या दिवसापासून नवऱ्याने त्यांच्यावरचा पहारा उठवला आणि मला म्हणाला, फोन तिचा तिला दे. मी दिला, तर आत्यांनी घेतला नाही. "ऱ्हवांदे तुझ्याकडे. माझो माझ्यावर भरवसो नाय."

त्यानंतरच्या एका दुपारी तो फोन आला. पाहुण्यांची जेवणं नुकतीच झाली होती. आत्या माझ्यासोबत मागच्या पायरीवर कोलंबी सोलत बसल्या होत्या. फोन वाजला, अनोळखी नंबर. अनोळखी फोन घेऊ नका असं बजावलं होतं, तरी सवयीने माझं बोट लागलं, आणि पलीकडून एका वयस्कर बाईचा करारी आवाज आला.

"कोण बोलतंय? त्यांच्या बहीण का तुम्ही?"

"कुणाच्या?" मी म्हटलं.

"डॉक्टरांच्या. हा नंबर त्यांनीच दिला होता, पैसे पाठवायला. माझी बहीण मोठ्या हॉस्पिटलात मेट्रन आहे म्हणाले. माझ्या मुलाने माझ्या परस्पर पोलिसांत तक्रार केलीये, आणि आता तो म्हणतो की तुम्ही चोर आहात. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. तुम्ही त्यांच्या बहीण आहात की आणखी कोण?"

आवाज एवढा मोठा होता की आत्यांना सगळं ऐकू गेलं. ही तीच बाई, जिचे पैसे आत्यांच्या हातून पुढे गेले होते. मी फोन बंद करणार होते. आत्यांनी कोलंबीचे हात पदराला पुसले आणि हात पुढे केला.

"मी बोलते," त्या फोनवर म्हणाल्या. दवाखान्यातला आवाज, कितीतरी दिवसांनी. "मी त्यांची बहीण नाही. मी निवृत्त नर्स आहे. तुमचे पैसे माझ्याकडे आले हे खरं आहे. मी ते पुढे पाठवले हेही खरं आहे. तेही त्याच माणसाने सांगितलं म्हणून."

 मग ती बाई वेगळ्याच सुरात म्हणाली, "तुम्हालाही फोन करतात ते?"

"मेसेज करतो."

"काय लिहितात?"

त्या प्रश्नातली जळजळ मला पायरीवर बसल्या बसल्या कळली. त्या बाईला पैशाचं दुःख नव्हतं. आपल्या माणसाला दुसरी कुणी आहे हे तिला समजत होतं. "माझ्याशी ते तसे नाहीत," ती म्हणाली. "रोज माझ्या गुडघ्याची चौकशी करतात. इथे घरात कुणी करत नाही."

"माझी कंबर विचारतो," आत्या म्हणाल्या.

"तुम्ही खोटं बोलताय. तुम्हाला ते हवेत म्हणून बोलताय."

आत्या चिडल्या नाहीत. हट्टी रोग्यापुढे त्या थांबत असाव्यात तशा थांबल्या. मग म्हणाल्या, "आज सकाळचा मेसेज आलाय तुम्हाला?"

"आलाय."

"मलाही आलाय. मी वाचलेला नाही, सुनेकडे असतो माझा फोन. आपण दोघी वाचूया. तुम्ही तुमचा उघडा, मी माझा उघडते. तुम्ही सुरुवात करा."

मला इशारा झाला. मी फोन स्पीकरवर टाकला आणि मेसेज उघडून दिला. आत्यांनी चष्मा नाकावर चढवला. पलीकडून चाचपडल्याचा आवाज, मग ती बाई वाचू लागली. "शुभ सकाळ माझी राणी. काल तुझे स्वप्न पडला..." 

"...तू निळा साडीत समुद्रकाठी उभी होता," आत्यांनी पुढचं वाचलं. तीच मोडकी वाक्यं. शेवटचा प्रश्न दोघींनी जवळपास एकदमच वाचला, फक्त तिथे एकीकडे गुडघा होता आणि एकीकडे कंबर.

कोलंबीवर माश्या घोंगावत होत्या. मी हलले नाही. पलीकडून तोंडाला कापड दाबल्यासारखा हुंदका आला.

"माझ्याकडे निळी साडी आहे," ती बाई म्हणाली. "मला वाटलं, त्यांना आतून कळलं."

"प्रत्येकीकडे असते हो निळी साडी," आत्या म्हणाल्या.

बराच वेळ दोघी बोलल्या. फोटो मागितला का, धमकी दिली का, मुलगा कसा वागतो. आत्यांनी तिला सांगितलं, फोटोची भीती आहे तोवर तो तुम्हाला नाचवील. माझा त्याने पाठवला, मी मेले नाही. पोलिसांच्या बाई काय म्हणाल्या तेही सांगितलं. आणि माफी मागितली, कसलंही कारण न जोडता.  फोन ठेवताना ती बाई एवढंच म्हणाली, "तरी मला वाटतं, माझ्याशी ते थोडं तरी खरं बोलले असतील."

"वाटतं तसं," आत्या म्हणाल्या.

असं नाही की त्या दिवशी सगळं मोकळं झालं. त्या बाईने दुसऱ्या आठवड्यात पुन्हा त्याला उत्तर दिलं होतं, हे तिनेच रडत सांगितलं. आत्या रागावल्या नाहीत. "माका किती महिने लागले ता माका म्हायत आसा," म्हणाल्या. पेन्शन आता नवीन खात्यात येते. जुनं खातं अजून गोठलेलंच आहे. त्या दुसऱ्या जिल्ह्यातून बोलावणं येतं तेव्हा नवरा होडी बंद ठेवून आत्यांना जबाबाला घेऊन जातो. शेजाऱ्यांना काय ते अर्धवट कळलंय. आत्या बाजारात जातात, पण घाई घाईने, कडेकडेने. कुणी मागून हाक मारली की मान आधी खाली जाते.

त्या दोघींत एक ठरून गेलंय. ती बाई, त्या माणसाला उत्तर लिहायचा मोह झाला की, आधी आत्यांना फोन करते. कधी दुपारी, कधी ऐन रांधायच्या वेळी. परवा असाच आला. आत्यांनी मला फोन स्पीकरवर टाकायला सांगितलं, हात कोकमाच्या रसाने माखलेले होते.

"आज फार वाटतंय हो," ती म्हणाली. "तुम्हाला येते का त्याची आठवण?"

 मी बघत होते हे आत्यांच्या लक्षात आलं असावं, पण त्यांनी माझ्यापासून काही लपवलं नाही.

"येते," त्या म्हणाल्या. "सकाळी जास्त येते. तेव्हा मी कामाला लागते."

"इथे कामच नाही मला. सून करू देत नाही."

"मग माझ्याशी बोला. काय जेवलात?"

ती बाई सांगू लागली. भाजीत मीठ जास्त झालं होतं, कुणाला सांगायची सोय नव्हती. आत्या ऐकत होत्या, सोललेली कोकमं एकेक करून उन्हात पसरत होत्या.